सुभेदाराचं पिस्तूल आणि माझा शेरा

निवृत्त झाल्यावर माणसाने एखादा छंद धरावा असं सगळेच सांगतात. कोणता धरावा हे मात्र कोणी सांगत नाही, आणि धरला की सगळे मिळून हसतात. मी पिस्तूल विकत घ्यायचं ठरवलं तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हेच झालं. चालवायचं पिस्तूल नव्हे. जुनं, दीडशे वर्षांपूर्वीचं, पलटणीतलं, नळीत दारू ठासून उडवायचे तसलं. आमच्या शोकेसमध्ये प्लास्टिकची फुलं, प्लास्टरचा ताजमहाल आणि कंपनीने निरोपसमारंभात दिलेलं सोनेरी रंगाचं घड्याळ आहे. घरात एक तरी वस्तू अस्सल असावी, अशी माझी फार इच्छा होती. हे मी दर्शनाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना बोलून दाखवलं, तेव्हा "मग मी कोण आहे?" असं विचारून ती भाजी चिरायला निघून गेली.

मी ठाण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. बोल्ट तपासायचो. हसण्यासारखं त्यात काही नाही. पूल उभे राहतात ते बोल्टांवर आणि बोल्ट उभे राहतात ते इन्स्पेक्टरच्या सहीवर. एकतीस वर्षांत माझ्या हातून चुकीचा माल पास झाला नाही आणि बरोबर माल रिजेक्ट झाला नाही. सवय अशी की आजही मी नारळ कानाशी धरून तीनदा हलवतो आणि भाजीवाले मला पाहून कोथिंबिरीच्या जुड्या आत सरकवतात.

त्यामुळे पिस्तूल घ्यायचं तर पारखून, हे ओघानेच आलं. तीन आठवडे मी इंटरनेटवर वाचन केलं. त्यात कळलं की या धंद्यात खऱ्यापेक्षा खोटं जास्त. नवीन पिस्तूल मिठाच्या पाण्यात बुडवून गंजवतात आणि आजोबांचं म्हणून विकतात. सोबत एक हृदयद्रावक गोष्टही देतात. 'गोष्ट विकत घेऊ नका, वस्तू विकत घ्या' असं एका जाणकाराने लिहिलं होतं. ते मी वहीत लाल शाईने उतरवून घेतलं. शिवाय घोडबंदर रोडला राहणाऱ्या शौनक नावाच्या एका तज्ज्ञाची वेळही आगाऊ पैसे भरून घेतली. वेळ महिनाभरानंतरची मिळाली. हल्ली डॉक्टरसुद्धा एवढे थांबवत नाहीत.

दरम्यान महेंद्र भालेरावचा फोन आला. महेंद्र आमच्याच कारखान्यात स्टोअरला होता, राहणारा खडवलीचा.

"सर, तुम्ही जुनं पिस्तूल शोधताय ना? आमच्या घरात एक आहे. आई काढून टाकायचं बोलतेय."

मी वही, जाडी मोजायचा व्हर्निअर आणि भिंग घेऊन खडवलीला गेलो. महेंद्रच्या आईने, शांताबाईंनी ट्रंकेतून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं पिस्तूल काढून माझ्यापुढे ठेवलं. हातभर लांब आणि नखशिखांत काळं. लोखंड कुठलं, पितळ कुठलं, लाकूड कुठलं काही कळेना.

"ह्यांचे पणजोबा पलटणीत सुभेदार होते," शांताबाई म्हणाल्या. "पेन्शनीत येताना साहेबानं दिलं, असं हे सांगायचे. जन्मभर सांगायचे. लोक हसायचे. 'आले सुभेदार' बोलायचे ह्यांना."

"कोण हसायचं?"

त्यांनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडे त्यांच्या धाकट्या जाऊ गंगुबाई राहत होत्या. तिकडचा टीव्ही तेवढ्यात बारीक झाला.

"ह्या महेंद्रच्या लग्नाची बोलणी चाललेली," शांताबाईंनी आवाज मुळीच कमी न करता पुढे सांगितलं. "ह्यांनी पाव्हण्यांपुढं हे आणून ठेवलं. तर ती बोलली, जत्रेत घेतलंय. सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीपण रागाच्या भरात बोलले, खोटं आहे ते, न्या आत. त्या दिवसापासून ह्यांनी पिस्तुलाचं नाव काढलं नाय. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. ट्रंक उघडली की हेच आधी दिसतं. घेऊन जा साहेब. पण मला एकदा सांगा, खरं का खोटं. खोटं असंल तर फुकट न्या. खरं असंल तर काय द्यायचं ते द्या."

लाल शाईतलं वाक्य आठवून मी मन घट्ट केलं. गोष्ट बाजूला ठेवली आणि छापील पॅडवर पावती लिहिली: 'पिस्तूल, एक नग, तपासणीसाठी प्राप्त.' त्यांनी ती घडी करून भिंतीवरच्या फोटोमागे खोचली. फोटोतले महेंद्रचे वडील, दगडू भालेराव, फेटा बांधून सरळ समोर बघत होते.

पिस्तूल न्यायचं कशात, हा प्रश्न महेंद्रने मिक्सरचं खोकं देऊन सोडवला. कल्पना चांगली होती. फक्त परतीच्या शेअर रिक्षात दोघांनी "केवढ्याला पडला?" विचारलं आणि एका बाईंनी त्यात डोशाचं पीठ चांगलं होतं का, याची सविस्तर चौकशी केली. होतं म्हणालो. काय करणार?

आमच्या सोसायटीशेजारी परशुरामशेठ म्हात्रे यांचा बंगला आहे. सोसायटी उभी आहे ती मुळात त्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर, त्यामुळे आमच्या चारी मजल्यांच्या खासगी आयुष्यावर आपला थोडा हक्क आहे असं ते धरून चालतात. खोकं उघडायच्या आत ते हजर झाले.

"ओ टिपनीस, पारखायचा कशाला येवरा? खारीवर जाव, एक बार कारू. वाजला त खरा, नाय वाजला त खोटा!"

खाडीवर जाऊन बार काढण्याची ही सूचना मी नम्रपणे फेटाळली. नळीच्या बुडाचं छिद्र गंजून कधीच बंद झालेलं होतं. तेव्हा त्यांनी दुसरी सूचना केली, की निदान पोलिसांना सांगून ठेवावं, नाहीतर उद्या सोसायटीला त्रास व्हायचा. ही पटली.

चौकीतल्या हवालदारांनी खोक्यात डोकावून शांतपणे विचारलं, "असली का नकली?"

"तेच तपासतोय."

"मग तपासून या. असली असेल तर साहेबांकडे अर्ज, सोबत कागदपत्रं. नकली असेल तर घरी जा. आमच्याकडे मधला रकाना नाही."

"पण तपासेपर्यंत घरात ठेवायचं ना? नुसती नोंद तरी घ्या."

त्यांना माझी दया आली असावी. "साधा अर्ज द्या. आधारची झेरॉक्स जोडा, आणि वस्तूची."

त्यांना फोटो अभिप्रेत होता हे मला नंतर कळलं. मी शब्दाला जागणारा माणूस. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मी पिस्तूल मशीनच्या काचेवर ठेवायला दिलं. दुकानदाराने क्षणभर पिस्तुलाकडे बघितलं, क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि "दोन्ही बाजू काढू का?" एवढंच विचारलं. रांगेतले लोक मात्र मला पुढे जाऊ द्यायला फारच तत्पर होते. हवालदारांनी ती काळीकुट्ट झेरॉक्स उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि अर्जावर 'पिस्तुलासारखी वस्तू' अशी नोंद करून शिक्का मारला.

मग मी मूळ कामाला लागलो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढरं कापड अंथरलं, दिवा जवळ ओढला, पिस्तुलाचे दोन मोठे स्क्रू जपून काढले आणि आटे मोजायची पट्टी लावली. दातेरी पट्टी असते, स्क्रूच्या आट्यांवर बसवून बघायची. एकही पाती बसेना. बरं, मेट्रिक नसेल म्हणून जुन्या इंग्लिश मापाची पट्टी लावली. तीही बसेना. इथपर्यंत ठीक होतं. पण दोन्ही स्क्रू शेजारी ठेवले तर ते एकमेकांशीही जुळेनात! एकाचे आटे दाट, दुसऱ्याचे विरळ. एका भोकाचा मध्य जवळजवळ मिलिमीटरभर सरकलेला. पितळी कडीची जाडी एका टोकाला वेगळी आणि दुसऱ्या टोकाला वेगळी.

मला घाम फुटला. असा माल सरकारी कारखान्यातून बाहेर पडला असता तर तिथल्या इन्स्पेक्टरला त्याच पिस्तुलाने उडवला असता. ज्या वस्तूत दोन स्क्रू सारखे नाहीत ती पलटणीची कशी असेल? कोणीतरी घरी बसून कानशीने घासूनपुसून बनवलेलं हे काम होतं. मी सतरा दोषांची यादी केली, खाली लाल शाईने 'रिजेक्ट' लिहून सही ठोकली आणि महेंद्रला मेसेज पाठवला: 'तपासले. खोटे आहे. क्षमस्व.'

दोन तासांनी उत्तर आलं. 'ओके सर. आईला सांगितलं. तुम्हीच ठेवा ते.'

मला वाईट वाटलं. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य, आणि खोट्याला खरं म्हणून कोणाचं भलं होत नाही, असं मी दर्शनाला जेवताना दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "मग दोनदा का सांगताय?"

आठवड्याने खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. सुऱ्या, विळी, शिवणाचं मशीन आणि माझा व्हर्निअर. शेजारी परशुरामशेठ त्यांच्या जेसीबीला हार घालतात. मी आंघोळ करून आलो तो पाटावर व्हर्निअरच्या शेजारी एक झगझगीत वस्तू ठेवलेली. मी ओळखलीच नाही.

"खोटंच आहे ना?" दर्शना हात पुसत म्हणाली. "मग निदान चमकू दे तरी. चिंचेचा कोळ चोपडून ठेवलेलं रात्रभर. काय मळ निघालाय म्हणून सांगू! तीनदा पाणी बदललं."

पितळ सोन्यासारखं लकाकत होतं आणि लोखंड चांदीसारखं. घोड्याशेजारच्या पत्र्यावर पलटणीच्या शिक्क्यात असतो तसा एक इवलासा सिंह उमटला होता आणि मुठीच्या पितळी टोपीवर इंग्रजी आकड्यांत ७३. नकली मालवाले हल्ली शिक्केही छान मारतात, असं म्हणून मी हळदकुंकू वाहिलं.

गोष्ट इथेच संपायची, पण शौनकची वेळ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची होती आणि भरलेले पैसे परत मिळत नव्हते. मध्यमवर्गीय माणसाच्या हातून सत्कृत्यं होतात ती बहुतेक याच कारणाने. मिक्सरचं खोकं घेऊन मी निघालो. घोडबंदर रोडवर बस एका जागी पन्नास मिनिटं उभी होती. शौनक ज्या टॉवरमध्ये राहतो तिथल्या गेटवर "खोक्यात काय?" असं विचारलं. पिस्तूल म्हणायचा धीर झाला नाही. मिक्सर म्हणालो. वॉचमनने वहीत 'मिक्सर रिपेअरवाला' असं लिहून मला मागच्या मालाच्या लिफ्टकडे पिटाळलं. सत्ताविसाव्या मजल्यापर्यंत माझ्यासोबत एक गादी आणि दोन कुंड्या होत्या.

शौनक तिशीचा, अर्धी चड्डी घातलेला, दिवसा कॉम्प्युटरच्या कंपनीत आणि उरलेला वेळ जुन्या हत्यारांत. त्याने पांढरे हातमोजे घातले, खोकं उघडलं आणि विव्हळला.

"काका! हे कोणी घासलं?"

"आमच्या मंडळींनी. चिंचेने."

"का पण?"

"खंडेनवमी होती."

तो खाली बसला. "काका, तो काळा थर चढायला दीडशे वर्षं लागतात. लोक त्याचेच पैसे देतात. अर्धी किंमत गेली, बॉस, अर्धी! चिंच!"

"पण खोट्या वस्तूला किंमत कसली?"

"खोटी? कोण बोललं?"

मी माझा अहवाल पुढे केला. त्याने सतरा मुद्दे वाचले. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं, आणि इतकी वर्षं कोणी माझ्या अहवालाला हसलं नव्हतं, म्हणून मी जरा ताठ बसलो.

"काका, त्या काळी एकेक स्क्रू कारागीर हाताने कापायचा. हा स्क्रू फक्त ह्याच भोकात जाणार, दुसऱ्या पिस्तुलात जाणारच नाही. दोन्ही सेम निघाले असते ना, तर मी दारातूनच परत पाठवलं असतं. नकली माल मशीनवर बनतो, सगळा एकसारखा." त्याने आतले भाग काढून भिंगाखाली धरले. प्रत्येकावर कानशीचे तीन बारीक चरे होते, एकाच हाताचे. "हे बघा, सुटे भाग दुसऱ्या पिस्तुलाशी मिसळू नयेत म्हणून खूण केलेली. आत चिंच पोचली नाही हे नशीब. शंभर टक्के ओरिजिनल आहे. तुम्ही चूक म्हणून जे जे लिहिलंय ना, ते सगळं प्रूफ आहे."

मी मालाच्या लिफ्टने खाली आलो. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून त्याच लिफ्टने आलो. बरोबर माल रिजेक्ट! तोही सतरा मुद्द्यांनिशी! आणि बोल्ट असता तर परत मागवून ओके करता आला असता. मी एका म्हाताऱ्या बाईला, तिचा नवरा जन्मभर खोटं बोलला, असं लेखी कळवून बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटत होती आणि घोडबंदर रोडवर लाज वाटून घ्यायला वेळ भरपूर मिळतो.

"मंग गप बसा ना," घरी आल्यावर सगळं ऐकून परशुरामशेठ म्हणाले. "खोटा म्हनून फुकट मिलाला, आता खरा निघाला. नशीब तुमचा! शोकेसमंदी ठेवा."

खरं सांगतो, क्षणभर मी शोकेसकडे पाहिलं. ताजमहाल सरकवला तर जागा होत होती. दर्शनाने पिस्तूल लुगड्याच्या त्याच तुकड्यात गुंडाळून खोक्यात ठेवलं.

"उद्या सकाळीच जा," ती म्हणाली. "आणि घासलं मी, तेही सांगा. माझी चूक म्हणून लपवू नका."

खडवलीला शांताबाईंनी चहा दिला, पण खोक्याकडे बघितलं नाही. मी रस्ताभर घोकलेलं भाषण विसरलो आणि एकदम म्हणालो, "माझी चूक झाली. पिस्तूल खरं आहे."

"तवा खोटं बोललात," त्या म्हणाल्या. "आज खरं बोलता. उद्या काय बोलाल?"

मी आट्यांचं सांगितलं, कानशीच्या चऱ्यांचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण चेहरा जागचा हलत नव्हता. माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, आणि त्यात चूक त्यांची नव्हती. शेवटी मी चिंचेचं आणि खंडेनवमीचंही कबूल केलं आणि पिस्तूल उघडून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं. "आमच्यात ही पूजा नाय करत. पण घासलं ते बरं केलं वैनींनी. सोन्यासारखं झालंय."

"किंमत कमी झाली हो त्याने. हा आकडा पण घासल्यावरच वर आला, बघा. त्र्याहत्तर."

त्यांचा हात थांबला.

"किती?"

"त्र्याहत्तर."

महेंद्र आतून कप हातात घेऊन तसाच बाहेर आला. "सर, बाबा हाच नंबर बोलायचे. 'सुभेदाराचं पिस्तूल, नंबर त्र्याहत्तर.' त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेला. आम्ही बोलायचो, दाखवा, कुठाय नंबर? ते शोधायचे, भिंग घेऊन बसायचे. त्यांना पण कधी सापडला नाही."

शांताबाई उठल्या. पिस्तूल दोन्ही हातांत धरून फोटोपुढे उभ्या राहिल्या. "अहो, ऐकलं का?" त्या म्हणाल्या. "खरं होतं तुमचं. मीच बोलले खोटं." मग त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. महेंद्र कप धरून उभा होता. मी लाखो बोल्टांना ओके दिला असेल, पण माझ्या ओकेमुळे कोणी रडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझाही चष्मा पुसावा लागला.

जरा वेळाने त्यांनी डोळे कोरडे केले. "लिहून द्या, साहेब. त्या पावतीसारखं. सहीनिशी."

मी पॅड काढलं आणि आयुष्यात कधी लिहिला नव्हता इतका जपून अहवाल लिहिला. दगडू भालेरावांच्या नावाआधी 'कै.' लिहिलं होतं, महेंद्रने "सर, आम्ही कालकथित लिहितो," म्हणून सांगितलं, तेव्हा पान फाडून पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. विकण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही. मीही काढली नाही. पिस्तूल त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यांचा हात त्याच्यावर होता.

"आता वाचा," त्या म्हणाल्या.

मी घसा साफ केला.

"हितं नको. बाहेर ओट्यावर उभे राहा. आणि मोठ्यानं."

मी ओट्यावर उभा राहिलो. समोरून दोन बाया पाण्याचे हंडे घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. शेजारचा टीव्ही बंद झाला. "वस्तू: पिस्तूल, एक नग," मी सुरुवात केली. "आटे: असमान, म्हणून योग्य. भोकाचा मध्य: सरकलेला, म्हणून योग्य. कानशीच्या खुणा: तीन, सर्व भागांवर जुळतात." लोक गंभीरपणे ऐकत होते. गंगुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "नंबर: त्र्याहत्तर. निष्कर्ष: वस्तू खरी आहे. कालकथित दगडू भालेराव यांनी वेळोवेळी दिलेली माहिती बरोबर होती. यापूर्वीचा माझा शेरा चुकीचा होता, तो मी रद्द करीत आहे. सही, प्रफुल्ल टिपणीस, क्वालिटी इन्स्पेक्टर."

गंगुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "नंबर किती बोलले?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्र्याहत्तर."

"भावजी तेच बोलायचे," असं म्हणून त्या आपल्या पायरीवर खाली बसल्या. त्यांच्या मांडीवरचे हात नुसतेच एकमेकांत गुंतले.

शांताबाई माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी गंगुबाईंकडे पाहिलं. राग असावा असं मला वाटलं होतं, पण तसा दिसला नाही.

"साहेब, परत वाचा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. आणि सावकाश. हिला नीट ऐकू द्या."

मी चष्मा सारखा केला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.